सी बरोबर, पायथन बरोबर... आणि खोटे ठरले अण्णा

गेल्या मंगळवारी दुपारी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला. म्हणाले, "म्याडम, तुमचा प्रोग्राम बरोबर हाय, एवढं फक्त लिहून द्या." डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून इथे लिहितेय...

आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे, सोलापुरात नवी पेठेत, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्या कारखान्यातल्या मागांवर जी स्क्रीन आहे ती आम्ही पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत बनवलेली. मागाचा कंट्रोलर मात्र पुण्याच्या एका कंपनीचा, त्याचा कोड सी ह्या दुसऱ्या भाषेत. ऑपरेटरकडून आकडे घ्यायचे आणि त्या सी कोडच्या हातात द्यायचे, एवढंच आमच्या स्क्रीनचं काम.

लिहून कशाला हवंय विचारलं, तर कळलं की नरसय्या अण्णांवर आळ आलाय. अण्णा तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, शुक्रवार पेठेत राहतात, घरात तेलुगू आणि मागावर सोलापुरी मराठी. त्यांच्या मागावरच्या टॉवेलची बॉर्डर भलत्याच ठिकाणी पडत होती. स्क्रीनवर बॉर्डरचा आकडा बरोबर, पण कंट्रोलरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीत, दुसराच.

यावरून सुपरवायझर साहेबांनी काय निष्कर्ष काढावा? अण्णांनी आधी चुकीचा आकडा टाकला आणि माल बिघडल्यावर गुपचूप बदलला! म्हणजे नुसती चूक नाही, वर लबाडी. आणि हे सुनावलं कधी, तर शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं समोर उभी असताना. मग मागावरून काढून त्यांना घड्या घालायला बसवलं.

मी काही लिहूनबिहून दिलं नाही, लॅपटॉप घेऊन थेट तिकडे गेले. अण्णा टॉवेलच्या ढिगापाशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्या आकडा फिरवला न्हाय म्याडम. चुकला असता तर चुकला म्हणलो असतो की."

मला तेवढ्यावर पटलं. पण माझ्या पटण्याला तिथे कोण विचारतंय...

बाकीचे माग तर व्यवस्थित चालले होते. मग ह्याच मागाला काय झालं? खोदून खोदून विचारल्यावर सुपरवायझरना आठवलं, पुण्याच्या कंपनीनं कंट्रोलरचं नवीन व्हर्जन ट्रायल म्हणून फक्त ह्याच मागावर टाकलं होतं. आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं.

आता थोडं टेक्निकल, पण सोपं आहे. सी मध्ये असे आकडे ज्या स्ट्रक्चरमध्ये ठेवतात, तो कप्प्यांचा डबा समजा. मेमरीत त्या कप्प्यांवर नावं नसतात, नुसता क्रम असतो. तो क्रम पायथनला आपण आधी सांगून ठेवायचा... पहिल्यात टॉवेलची लांबी, दुसऱ्यात बॉर्डर, तिसऱ्यात लूपची, म्हणजे टॉवेलवरच्या धाग्यांच्या फासांची, उंची. पायथन बिचारा डोळे मिटून तसंच भरतो आणि तसंच वाचतो.

नव्या व्हर्जनमध्ये त्या लोकांनी लांबी आणि बॉर्डरच्या मध्ये एक नवा कप्पा घुसवला होता. शेवटी जोडला असता तरी निभावलं असतं. अण्णांचा बॉर्डरचा आकडा त्या नव्या कप्प्यात जाऊन पडत होता, आणि माग बॉर्डर समजून जे वाचत होता ती होती लूपची उंची. स्क्रीन परत वाचताना त्याच चुकीच्या कप्प्यात बघायची, त्यामुळे तिला अण्णांनी टाकलेला आकडा जसाच्या तसा दिसायचा. सगळा गोंधळ, आणि एरर एकही नाही.

पुण्याला फोन लावला. तिथला इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "मॅडम, रिलेटेड गोष्टी जवळजवळ ठेवल्या की कोड नीट दिसतो. आमचा सी कोड टेस्टेड आहे, तुमचा पायथनही एरर देत नाही. मग राहिला कोण, ऑपरेटरच ना?"

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोड नीट दिसावा म्हणून एका माणसाची अब्रू गेली, आणि ह्याचा आवाजसुद्धा चढत नाही! भांडून भांडून त्यांच्याकडून डब्याचं माप सांगणारं एक फंक्शन घेतलं. आता माप जुळलं नाही तर आमची स्क्रीन उघडतच नाही.

आमच्या बाजूला तो कप्पा टाकला, माग चालू केला, बॉर्डर जिथल्या तिथे. सुपरवायझर खूश. "चला अण्णा, या मागावर," म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं.

अण्णांनी हातातली घडी पूर्ण केली. म्हणाले, "चौघांत खोटा म्हणलात साहेब. आता खरं बी चौघांतच बोला. मग येतो."

सुपरवायझर माझ्याकडे वळले. "तुमीच समजवा म्याडम, उगा ताणायलेत." मी समजावलं नाही. एक स्टूल ओढलं आणि म्हटलं, मीही थांबते शिफ्ट बदलेपर्यंत.

शिफ्ट बदलली. सगळे जमल्यावर सुपरवायझर जमिनीकडे बघत म्हणाले, "अण्णांनी आकडा बदलला नव्हता. चूक कॉम्प्युटरची होती." माझ्याच्यानं राहवलं नाही. कॉम्प्युटरची नाही, म्हटलं, माणसांची. एकानं बदल केला आणि कळवला नाही, बाकीच्यांनी विचारलं नाही.

 अण्णा उठले, गुडघे झटकले आणि आपल्या मागापाशी जाऊन उभे राहिले.

अण्णा, तुम्ही फेसबुकवर नाही, तरी लिहिते. तुम्ही अडून बसला नसता, तर मी कोड दुरुस्त करून समाधानानं घरी गेले असते... आणि त्या शेडमध्ये तुम्ही कायमचे खोटेच राहिला असता. थँक यू.