मानपत्राखालचा कागद

"आरपार पाहा, मास्तर. वरून तं म्हैस बी पाह्यते."

सुकलेला कागद भिंतीवरून सोडवला की माळीबुवा त्याची दोन टोकं चिमटीत धरत, उन्हाकडे तोंड करून उभे राहत आणि हे वाक्य म्हणत. पाहायला आलेला माणूस वकील असो की गावचा पाटील, म्हैस चुकत नसे.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. अमरावतीत एका मंडळानं हातकागदाची कार्यशाळा काढली होती आणि मी तिचा व्यवस्थापक, म्हणून सगळ्यांचा 'मास्तर' होतो. ते भातकुलीकडचे, भाजी-फुलांच्या मळ्यातले. आम्ही त्यांना माळीबुवा म्हणायचो. अंबाडी, केळीचं सोपट, कपाशीच्या पऱ्हाटीची साल कुजवून, कुटून लगदा करायचा आणि साच्यावर कागद उचलायचा, हे काम इतरही करत. माळीबुवा मात्र ओल्या कागदावरच कुठे जाड, कुठे पातळ लगदा बोटांनी सोडत, त्यात लांब तंतू ओढून बसवत. शाई नाही, रंग नाही. वरून पाहिलं तर मळकट कागद. उन्हात धरला की आत नाला वाहताना दिसे, बाभूळ दिसे. एकदा तर आमचे पोट सुटलेले अध्यक्षही दिसले.

"हे कोण?" अध्यक्षांनीच विचारलं.

"कोहळं हाय जी. आमच्या मळ्यातलं."

स्वभावानं गरीब वगैरे ते मुळीच नव्हते. कुणी कौतुक केलं तर "माह्यासारखा दुसरा दाखवा" म्हणत, नाही केलं तर दिवसभर बोलत नसत. असे चिडके, गर्विष्ठ आणि तरीही हवेसे वाटणारे लोक तुमच्याही पाहण्यात असतील.

त्यांची बायको वारली तेव्हा ते बरेच दिवस आले नाहीत. मग एका सकाळी अंबाडीची पेंढी खांद्यावर टाकून आले. "तिनं पेरलेली हाय. बांधावर. आता कोन पेरते?" एवढंच बोलले. त्या अंबाडीला त्यांनी कुणाचा हात लागू दिला नाही. तिचा एकच मोठा कागद केला. ओलीनं विरू नये म्हणून त्याला पेजेची खळ लावली, गुळगुळीत दगडानं घोटला आणि मला अंगणात बोलावलं.

"आरपार पाहा." या खेपेला म्हैस नव्हती.

मी पाहिलं. खाली काळी जमीन, मधून गेलेला बांध आणि बांधावर एक बाई वाकलेली, पदर कमरेला खोचलेला.

"दिसली काय?"

"दिसली," मी म्हणालो.

त्यांनी कागद गुंडाळला आणि माझ्या कपाटात ठेवायला दिला. घरी उंदीर फार होते.

पुढे नागपूरच्या सरकारातले एक बडे पाहुणे अकोल्याला यायचे ठरले. मानपत्र आमच्याच कागदावर द्यायचं होतं. आदल्या दिवशी लेखनिक लिहायला बसला आणि पहिल्याच ओळीची शाई पसरली. कागदांना खळ लावून घ्यायची मी विसरलो होतो. बिनखळीचा कागद शाई टिपकागदासारखा पितो, हे मला माहीत होतं. आता वेळ नव्हता आणि अध्यक्षांना काय सांगायचं, हे सुचत नव्हतं. खळ लावून घोटलेला असा एकच कागद जवळ होता.

लेखनिकानं तो उलटूनपालटून पाहिला. "कोराच आहे ना?"

"कोरा आहे," मी म्हणालो.

समारंभ अकोल्याच्या जठारपेठेत झाला. आपला कागद मोठ्या माणसाच्या हाती जाणार म्हणून कार्यशाळेतले सगळे आले होते. माळीबुवा नवी टोपी घालून माझ्या शेजारी बसले होते. पाहुण्यांनी मानपत्र दोन हातांनी उंच धरलं. त्यांच्या मागं मावळतीची खिडकी होती. माळीबुवा टाळ्या वाजवत होते. मधेच त्यांचे हात तसेच उघडे राहिले. अक्षरांमागं बांध उजळला होता. बाईच्या वाकलेल्या पाठीवरून 'सन्माननीय' हा शब्द गेला होता.

बाहेर आल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमाले तं दिसली होती न?"

एवढ्यात अध्यक्ष आले. "अहो, इतका देखणा कागद कुठून काढलात?"

"माळीबुवांनी स्वखुशीनं दिला," मी त्यांच्या देखत सांगितलं.

माळीबुवांनी टोपी काढून हातात घेतली आणि स्टेशनाकडे चालू लागले. कार्यशाळेत ते पुन्हा आले नाहीत. कौतुकानं डोक्यात हवा गेली म्हणून काम सोडलं, असं मी चारचौघांत सांगत राहिलो. लोक अजून तेच सांगतात. ते खोटं आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी भातकुलीकडे गेलो. माफी मागायलाच गेलो होतो. मळ्यात ते अंबाडीचा दोर वळत होते. मी उभाच राहिलो आणि भलतंच विचारलं, "कागद का सोडलात, बुवा?"

"दोरावर कोनी लिहीत नाई, मास्तर."

मग त्यांनी दोराचं एक टोक माझ्याकडे केलं. "धरा. सोडू नका."

मी धरलं. पीळ देत देत ते मागं सरकू लागले, वाफ्यामधून, बांधाकडे. दोर लांबत गेला. ते इतके दूर गेले की माफी मागायची तर ओरडावं लागलं असतं. मी नुसतं टोक धरून उभा राहिलो.