काकांची सही

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका कुरियरची पावतीसुद्धा दोनदा वाचून मगच सही करतात. वीस वर्षांत त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नाही. मुलगी दुबईला बाळंत होणार, म्हणून मी पासपोर्टचा अर्ज केला. पोलीस चौकशीला जुन्या शेजाऱ्याची सही हवी होती. इमारतीत बाकी बिऱ्हाडं नवी, म्हणून धीर करून काकांकडे गेले.

त्यांनी चष्मा पुसून कागद वाचला.

"कमल कोण?"

"मीच. शाळेतलं नाव. लग्नात सासरच्यांनी बदललं, पण कागदोपत्री तेच राहिलं."

"अहो, मी सुनंदाबाईंना ओळखतो. या कमलबाईंना मी कधी भेटलो?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. चहा मात्र आग्रहाने पाजला.

जिना चढताना मी आठवत राहिले, मला कमल म्हणणारं आता कोण उरलंय. दार आलं, तरी एकही माणूस आठवला नाही.