काळी दोनचा फ्यूग

चर्चमधल्या पायपेटीचा भाता फाटला नव्हता. मीच हात थांबवले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या रूथबाईंनाही नाही. आता बाई गेल्या. हे छापून आलं तर पाळकसाहेब वाचतील. वाचू देत.

रूथबाई निवृत्त शिक्षिका. आमच्या गावच्या भवानी पेठेत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर त्यांचं लहानसं दगडी चर्च. रविवारी लोक येऊन बसेपर्यंत, उपासना सुरू होण्याआधी, बाई पेटी वाजवायच्या. पायपेटी म्हणजे कपाटाएवढी हार्मोनियम. खालचे दोन पायटे दाबले की भात्यात हवा भरते. मी लिंगायत, चर्चशी माझा काही संबंध नव्हता. पायट्याचा पट्टा तुटला म्हणून बाईंनी मला बोलावलं.

"पुण्याहून पेटीवाला येईपर्यंत माझंच आयुष्य उलटेल. मशीनचा पाय नि पेटीचा पाय, फरक काय रे? तू बघ की."

मी पट्टा बसवला. बाईंनी तपासायला म्हणून काहीतरी वाजवलं आणि मी पाना हातात धरून उभाच राहिलो.

ते कुणा जुन्या जर्मन संगीतकाराचं होतं. बाई त्याला नुसतं 'आजोबा' म्हणायच्या. आजोबांनी पेटीच्या प्रत्येक स्वरावर जोड्या रचून ठेवल्या होत्या, एक मेजर, एक मायनर. आधी प्रेल्यूड, मग फ्यूग. "प्रेल्यूड म्हणजे चपला काढून घरात येणं," बाई सांगायच्या. "आणि फ्यूग म्हणजे नळाला पाणी आल्यावर आपल्या गल्लीत होतं ते. एक बाई बोलते, दुसरी तेच वरच्या पट्टीत सुरू करते, तिसरी खालच्या. फक्त एवढंच मल्लू, की फ्यूगमध्ये कुणी कुणाला गप्प करत नाही."

पुढं बाईंचे गुडघे गेले. मग पायटे दाबायला मी. शनिवारी संध्याकाळी सरावाला आणि रविवारी सगळ्यांसमोर, त्यांच्या बाकाशेजारी पाट टाकून बसायचो आणि कणीक तिंबावी तसे दोन्ही हातांनी आळीपाळीनं पायटे दाबायचो. बायको कानडीत हाक मारून चिडवायची, "एन री, आज बाईंच्या पायाशी किती वेळ?" मी हसण्यावारी न्यायचो. पण ते लागायचं.

गुडघ्यांमागून बोटं वाकायला लागली. तेव्हा निवड सुरू झाली.

"सगळ्या जोड्या सांभाळणं आता होत नाही," बाई म्हणाल्या. "जे रोज वाजत नाही ते बोटांतून निसटतं. ठेवायचं कुठलं, सोडायचं कुठलं, ठरवू या."

"बाई, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं नाही रे, राहायचं. उद्या दुकानात बसल्यावर डोक्यात कुठलं राहतं, ते सांग मला."

दर शनिवारी दोन जोड्या वाजायच्या आणि एक कायमची बंद व्हायची. पांढरी एकवरचं ते प्रसिद्ध प्रेल्यूड मला फार आवडायचं. बाईंनी ते पहिल्याच फेरीत काढलं. "ते लग्नातलं श्रीखंड. गोड आहे, पण श्रीखंडाला मत नाही." काळी पाचचं जाताना मात्र त्यांनी झाकण लावून घेतलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसल्या. "आज दोन रोट्या कमी खाईन," एवढंच म्हणाल्या.

शेवटी राहिली काळी दोनची मायनर जोडी. तिच्या फ्यूगची सुरुवातीची ओळ शेवटाकडं पुन्हा येते, पण दुप्पट सावकाश, एकेक स्वर लांबवून. बाकीचे आवाज तिच्याभोवती नेहमीच्या चालीनं चालत राहतात. "बघ," बाई म्हणाल्या, "म्हातारं माणूस रस्ता ओलांडतंय आणि कुणी हॉर्न मारत नाही. हे माझं. एकदा सगळ्या मंडळीसमोर पुरतं वाजवायचं, मग बोटं गेली तरी चालतील."

त्यासाठी त्यांनी हंगामाच्या सणाचा रविवार धरला. त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. वेदीपुढं ज्वारीची कणसं, वांगी, पाय बांधलेल्या कोंबड्या. चर्च गच्च भरलेलं. माझी बायकोही मागं येऊन बसली होती.

प्रेल्यूड नीट झालं. फ्यूगमध्ये बाईंचं बोट अडलं. त्या थांबल्या, मागं गेल्या, पुन्हा अडल्या. कोंबडी ओरडली. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ओ मशीनवाले, तेल घाला की जरा!" आणि हसू पसरत मागपर्यंत गेलं. ते बायकोनं ऐकलं, हेच माझ्या डोक्यात. मी पाटावर, मान खाली, कान तापलेले.

नंतर मी स्वतःला सांगत आलो की बाईंची शोभा होऊ नये म्हणून मी ते केलं. खोटं आहे. बाई सावरल्या होत्या. तिन्ही आवाज पुन्हा नीट चालायला लागले होते, ती लांब ओळ आता येणार हे मला माहीत होतं. मला फक्त तिथून उठायचं होतं. मी हात थांबवले.

सूर खाली बसत बसत विझला. बाईंची बोटं मात्र चालूच राहिली, नुसती लाकडाची टकटक.

"भाता गेला," मी उठून म्हणालो. मेकॅनिकच म्हणतोय म्हटल्यावर कोण बघणार? पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं.

लिलाव चालू असताना बाई हळूच म्हणाल्या, "भाता फाटला की फुस्स आवाज येतो रे. आला नाही."

"आतली शिवण उसवली असेल, बाई."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. "असेल. तू म्हणतोस तर असेल."

पेटीवर चादर पडली. चर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. बाई भेटल्या की विचारायच्या, "भात्याचं चामडं मिळालं का रे?" मी म्हणायचो, "बघतोय." पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं. घरी गेलो की त्या जेवणाच्या टेबलावर बोटं चालवत असायच्या. मी आत आलो की हात मांडीवर घ्यायच्या. "चहा घेणार?" कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर मी बोललो असतो, असं आता म्हणायला सोपं आहे.

या उन्हाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीला कीबोर्डवाल्यानं चुकून भलतंच बटण दाबलं, ढोलकीचा ठेका सुरू झाला, घाईनं बंद केला. पाळकसाहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "पेटी चालू असती तर बाईंचं ते आवडतं कुणाकडून तरी वाजवून घेतलं असतं." मी चपलांकडं पाहत राहिलो.

गेल्या आठवड्यात किल्ली मागून घेतली आणि पेटी उघडली. चामडं धड आहे. पायटा दाबल्याबरोबर हवा भरली. काळी दोन दाबली, बोलली. पुढं काय दाबायचं ते मला येत नाही.

त्या फ्यूगची शेवटची लांब ओळ मी रूथबाईंना देणं लागतो.