अण्णांना तोरणा दाखवणारी बाई

मंडळी, आज मी गाडीत गप्प बसलो. माझी भाषणं सोसलेल्यांचा विश्वास बसणार नाही, पण साक्षीला माझे वडील, अण्णा, आहेत.

अण्णांची नजर वर्षभरात जवळजवळ गेली. "मला काय दिसणार?" म्हणत त्यांनी फिरायला येणंच सोडलं होतं. आज कसंबसं राजी करून त्यांना वारज्याहून वेल्ह्याला नेलं. लेकीने माझ्या मोबाइलवर त्या रस्त्याची ऑडिओ टूर टाकून दिली होती. गाडी जिथे पोचेल, तिथल्या डोंगरांबद्दल त्यातली बाई बोलते.

आता हा मोबाइल आम्हाला सह्याद्री शिकवणार? माझं डोकंच फिरलं. तोरणा समोर येताच मी तिचा आवाज बंद केला आणि स्वराज्यावर सुरू झालो.

अण्णा म्हणाले, "अरे, तिला बोलू दे. इतिहास मला पाठ आहे. डोंगर कसा दिसतो, ते ती सांगते."

मी मुकाट्याने आवाज सुरू केला. रुंद माथा, लांब उतरत गेलेली माची, तिच्यावर तेलाच्या पालथ्या बुधल्यासारखा कातळ... बाई सांगत होती आणि अण्णा हवेत बोटाने डोंगर काढत होते. मी समोर पाहिलं. हुबेहूब तोरणा!

परतताना अण्णा स्वतःहून म्हणाले, "पुढच्या रविवारी राजगड. तूही बोल, पण दिसेल तेवढंच."

त्या अनोळखी बाईंचे मनापासून आभार. माझे वडील त्यांनी पुन्हा घराबाहेर काढले.

तुमच्याही घरी आहे का कोणी, ज्यांना आपण नुसतं ऐकवत राहतो आणि दाखवत काहीच नाही?