ग्रीक सरांचा शेतकरी

ग्रीक सरांची चूक काढली की ते टाळी वाजवत. चूक जितकी मोठी, तितकी टाळी मोठी. कॉलेजात हे कळल्यावर आम्ही त्यांच्या पुष्कळ खोट्या चुका काढून पाहिल्या, पण खोटी चूक त्यांना लगेच ओळखू येई आणि मग ते आम्हालाच फळ्यापाशी उभं करत.

मुरबाडला ते आम्हाला मराठी शिकवायचे. मूळचे वसईकडचे, ख्रिस्ती; शहापुरात बाजारामागच्या एका खोलीत एकटेच राहत. येशूने सांगितलेल्या दृष्टान्तांवर मराठीत भाष्य लिहायचं, हे त्यांनी मनावर घेतलेलं काम. दृष्टान्त मुळात ग्रीकमध्ये लिहिलेले, म्हणून पन्नाशीला आल्यावर ते ग्रीक शिकले आणि गावभर ग्रीक सर झाले. "शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण तो खरा की खोटा ते बांधावर कळतं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून खमिराच्या दृष्टान्तासाठी बेकरीवाल्याला ते पीठ फुगायला किती वेळ लागतो ते विचारत बसायचे आणि मागची गिऱ्हाइकं वैतागायची. यात मुरबाडची एसटी हमखास सुटे. "येशूचं शुभवर्तमान दोन हजार वर्षं थांबलंय, मी तासभर थांबतो," म्हणून पुन्हा गप्पा सुरू.

त्यांचं अक्षर फक्त मला लागे, म्हणून माझं कॉलेज संपल्यावर हस्तलिखित टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी ते टोकावड्याला आमच्या घरी येत आणि नवा मजकूर आधी माझ्या आईला वाचून दाखवत. आई शाळेत गेलेली नाही. तिचा जन्म भातशेतीत गेला.

एका रविवारी पेरणाऱ्याचा दृष्टान्त निघाला. शेतकरी बी पेरतो. काही वाटेवर पडतं ते पाखरं खातात, काही खडकावर, काही काट्यांत, आणि चांगल्या जमिनीत पडलेलं भरभरून येतं. आपल्याकडे भाताची आवणी होते, तेव्हा वाचकांना जवळचं वाटावं म्हणून सरांनी त्या शेतकऱ्याला चिखलात उतरवून रोपं लावायला लावली होती. त्यावर चाळीस पानांचं भाष्य! आई भाकऱ्या थापत ऐकत होती, ती खो खो हसत सुटली.

"सर, रोपं पाखरां कशी खातील वो? गुरं खातील. आन रोप वाटेवर कोन लावील? येडा हाय का तो?"

सरांनी अशी टाळी वाजवली की पडवीतल्या कोंबड्या पळाल्या. मग आईने त्यांना राब समजावला. पाला आणि शेण पसरून जमीन भाजायची, पाऊस लागला की तिथे बी फेकायचं, रोपं वर आली की उपटून आवणी. "फेकताना चार दानं बांधावर जातातच," ती म्हणाली. सर विद्यार्थ्यासारखे लिहून घेत होते. शेजारच्या काकांनी नंतर आईला हळूच विचारलं, "हे सर बाटवायला येतात काय गो?" आई म्हणाली, "कसले बाटवतात! मीच त्यांना शेती शिकवते."

सरांनी चाळीस पानं रद्द केली. ती मी टाइप केलेली होती, त्यामुळे मला रडूच आलं. दुसरंही कारण होतं. सरांची नजर जात चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पानं तशीच ठेवली असती तर पुस्तक त्याच महिन्यात प्रकाशकाकडे गेलं असतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"माझे डोळे जाणार, म्हणून त्या बिचाऱ्या शेतकऱ्याने चुकीचं पेरायचं?" सर म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी मायाही वाटली.

ती पानं पुन्हा लिहायला वर्ष लागलं. अक्षर मोठं होत होत एका पानावर चार ओळी राहिल्या, मग तेही थांबलं आणि ते सांगू लागले, मी लिहू लागले. शेवटची पानं झाली तेव्हा त्यांची भाची त्यांना वसईला न्यायला आली होती. निघताना म्हणाले, "आईंना वाचून दाखव. हसल्या तर छापायचं नाही."

मी वाचून दाखवलं. आई हसली नाही. म्हणाली, "त्याला ठावं असतं गो, कायतरी वाटेवर जानार, कायतरी पाखरां खानार. तरी तो मूठ आखडीत नाय. मूठ आखडली तर राब इरळ होतो."

मी सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच आईला फोन द्यायला लावला आणि तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. पुस्तकाचा शेवटचा परिच्छेद आता आईचा आहे, तिच्या शब्दांत, खाली तिचं नाव घालून.

पुस्तक घेऊन आम्ही दोघी वसईला गेलो तेव्हा सरांना काहीच दिसत नव्हतं. ते पानांवरून हात फिरवत राहिले. मग आईच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, "ताई, डोळे यात गेले. वाया गेले का हो?"

आई त्यांच्या जवळ जाऊन बसली.

"मूठ नाय आखडलीत, सर," ती म्हणाली.