दातांच्या दवाखान्यातलं विमान

रुग्णाच्या तोंडात आरसा घालून डॉक्टर आधी नुसतं पाहायचे. मग आरसा बाहेर काढून मान खिडकीकडे वळवायचे आणि मास्कच्या आतून म्हणायचे, "घिन आहे."

पुण्याकडचा माणूस किळस म्हणेल. आम्ही उज्जैनची मराठी माणसं घिनच म्हणतो, आणि डॉक्टर तर इतक्यांदा म्हणायचे की देवास गेटच्या बस स्टँडवरचे हमालसुद्धा त्यांना 'घिनवाले डॉक्टर साब' म्हणून ओळखायचे.

"भैया, ये दाँत हैं या भैरवगढ़ की छपाई?" हा गुटखा खाणाऱ्यांसाठी त्यांचा ठरलेला प्रश्न. भैरवगढ़ म्हणजे उज्जैनची, ठसे मारून चादरी छापणारी वस्ती.

"थोड़ा-सा खाता हूँ, साब," खुर्चीतला माणूस ओशाळून सांगायचा.

"थोड़ा-सा? अंदर पूरी चादर छपी पड़ी है."

एवढं बोलून झालं की ते त्याच तोंडात दोन्ही हात घालायचे. सोनार नथीत मोती बसवताना तुम्ही पाहिला असेल, श्वाससुद्धा बेतानं घेतो. तसे डॉक्टर त्या लाल, कुजक्या वासाच्या तोंडावर वाकून राहायचे आणि माणूस खुर्चीतून उठताना म्हणायचा, "पता ही नहीं चला."

मी त्यांच्याकडे नोकरीला लागले तेव्हा आमच्या घरातली पहिली पदवी माझ्याकडे होती. वडील नागद्याजवळ रेल्वेत गँगमन. मी शिकले तिथल्याच सरकारी शाळेत, मग लहानशा कॉलेजात. मुलगी बी.एस्सी. झाली, आता पांढरा कोट घालणार, असं वडील सगळ्यांना सांगत. कोट मिळाला. त्या कोटात माझं मुख्य काम होतं थुंकायचं भांडं धुणं. रक्त, लाळ, कात, सुपारीचे चावलेले तुकडे. पहिल्या आठवड्यात मला दुपारचा डबा उघडवला नाही. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं होतं.

"बीएस्सीबाई," ते म्हणाले, "ओकारी आली तर खुशाल ओकून या. पण परत या. ज्याला घिनच येत नाही, तो साफ काय करणार?"

आज माझ्या हातात जे काही कसब आहे ते त्या दवाखान्यातलं आहे. म्हणून हे लिहायला बसले.

दवाखान्याच्या मागे एक खोली होती. तिथे कवळ्या बनायच्या. फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले, आणि दुपारी दवाखाना बंद असताना डॉक्टर त्यांच्यासमोर एकटे बसायचे. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर टेबलावर बांबूच्या काड्यांचा सांगाडा. संक्रांत जवळ आलेली, मला वाटलं पतंग.

"पतंग नाही, विमान," ते म्हणाले. "पहिल्या महायुद्धातलं, लढाऊ. बसायला एकच माणूस. पंख दोन मजली, एकावर एक."

त्यांचे आजोबा त्या युद्धात फौजेबरोबर लेखनिक म्हणून बसऱ्याकडे गेले होते. आजोबांकडून ऐकलेली एक गोष्ट डॉक्टर फार आनंदानं सांगत. त्या विमानांच्या इंजिनात वंगण म्हणून एरंडेल घालत. इंजिन गरगर फिरायचं आणि एरंडेलाचे फवारे थेट पायलटच्या तोंडावर.

"नाकात जायचं, तोंडात जायचं. मग काय होणार? समोर शत्रू आणि पोटात गडबड. विचार करा, बीएस्सीबाई. गळ्यात पांढरा रेशमी मफलर आणि चड्डीत..."

"सर, मी जेवते आहे."

"जेवा, जेवा. तो पायलटही जेवूनच वर गेला असेल."

त्यांच्या भाच्यानं आधी प्लास्टिकच्या भागांचा तयार डबा पाठवला होता. डॉक्टरांनी त्यातला एक पंख दोन बोटांच्या टोकांत, मेलेला उंदीर धरावा तसा धरला. "दाबलं की बसतं. मग मी काय करायचं?" डबा परत गेला. त्यांनी इंटरनेटवरून नकाशा काढला आणि सगळं स्वतः करायला घेतलं. पंखांच्या फासळ्या पतंगवाल्याकडच्या बांबूच्या कामट्यांच्या, दवाखान्यातल्या ब्लेडनं तासलेल्या. वरचं कापड भैरवगढ़च्या छपाईवाल्याकडून आणलेली मलमल. "कोरी आणा," त्यांनी मला बजावलं. "छपाई मी दिवसभर बघतो."

मलमल फासळ्यांवर ढोलकीसारखी ताणून बसायला हवी. त्यासाठी ते बिनरंगाचं नेलपॉलिश थिनरमध्ये पातळ करून कापडावर फिरवत. बाटल्या आणायचं काम माझं. "मैडम, घर में शादी है क्या?" दुकानदारानं विचारलं. मी विमानाचं सांगितलं तर तो बायकोला हाक मारून म्हणाला, "सुन, इनका हवाई जहाज मेकअप करता है." त्या वासानं माझं डोकं चढायचं. लवंगेचं तेल, थिनर आणि माणसांची तोंडं, सगळं एकत्र व्हायचं आणि घरी गेले तरी केसांतून जायचं नाही.

इंजिन त्यांनी कवळ्यांच्या गुलाबी मसाल्यातून घडवलं. ओले, गुलाबी गोळे वर्तुळात मांडलेले. दात नसलेल्या हिरड्या गोल फिरायला निघाल्यासारखं ते दिसायचं.

"सर, याला आधी काळा रंग द्या."

"घिन आली?"

"हो."

"मग बरोबर झालंय." आणि पंखाचा सांधा दाखवत ते म्हणाले, "वरून माणसं मारायला माणसानं इतकी नाजूक वस्तू केली. त्याचीसुद्धा घिन येते मला. पण बसवलंय बघा कसं."

खरी कसोटी तारांची. दोन पंखांच्या मध्ये उभे खांब असतात आणि त्या खांबांमधून तिरक्या तारा, एकमेकींना छेदून जाणाऱ्या. तार जास्त ओढली तर पंख वाकतो, कमी ओढली तर लोंबते. डॉक्टर तुटलेला जबडा बांधायची बारीक तार वापरत. ती चिमट्यानं केसाएवढ्या छिद्रातून घालायची, ओढायची आणि पीळ द्यायचा.

तारा सुरू झाल्या तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या नजरेस पडला. चिमट्याचं टोक छिद्रापाशी जाऊन थरथरत होतं. मी नजर फळीवरच्या जबड्यांकडे वळवली.

"बघा, बघा. लपवायचं काय त्यात," ते म्हणाले. "इंदोरला दाखवलं. गोळ्या दिल्यात. वाढत जाणार म्हणाले."

मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला.

"हे विमान शोकेससाठी नाही. ही माझी परीक्षा आहे. दुपारी तार बसली तर संध्याकाळी दात कोरायचं मशीन हातात घेईन. नाही बसली तर नुसतं तपासून गोळ्या लिहीन. आणि कुणाच्या हिरडीला माझा हात चुकून लागायच्या आत दवाखाना बंद." मग गुटखा खाल्लेल्या तोंडाकडे पाहावं तसं त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "घिन येते मला याची."

पुढचे काही महिने आम्ही असेच काढले. संध्याकाळी ते मागच्या खोलीतून बाहेर आले की मी त्यांच्या तोंडाकडे पाहायची. "मशीन लावा" म्हणाले की माझा जीव भांड्यात पडायचा. "आज नुसतं बघू" म्हणाले की मी औजारं परत कपाटात ठेवायची. हळूहळू कपाटच जास्त उघडू लागलं.

क्षिप्रेच्या रामघाटावर पिंडदान करवणारे एक गुरुजी डॉक्टरांचे शाळेपासूनचे मित्र. तंबाखूचा बार चोवीस तास गालात. माझ्या आठवणीतलं सगळ्यात घाण तोंड त्यांचंच, आणि डॉक्टरांच्या शिव्या सगळ्यात जास्त आवडीनं खाणारेही तेच. त्यांचे पुढचे दात हलायला लागले होते. काढून नवे पक्के बसवायचे होते.

"अरे डॉक्टर, श म्हणायला गेलो की शिट्टी वाजते," गुरुजींनी तक्रार मांडली. "पिंडदानाला बसलेला यजमान रडणं सोडून हसतो. माझा धंदा पार बुडून राहिलाय आणि तू खेळणी बनवत बसलास."

"फ्रीगंजला एक तरुण डॉक्टर आलाय. हात चांगला आहे त्याचा. त्याच्याकडे जा."

"त्या पोराकडे? मी तोंड उघडीन ते तुझ्यासमोर. नाहीतर असाच शिट्ट्या मारत मरेन."

"घिन आहे तुमचं तोंड."

"आहे ना. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

शेवटी डॉक्टरांनी बुधवारची संध्याकाळ दिली. विमानाच्या शेवटच्या तारा तेवढ्या राहिल्या होत्या. बुधवारी दुपारी त्यांनी आत जाऊन दाराला कडी घातली. मी बाहेर औजारं उकळून ट्रे मांडला.

गुरुजी धुतलेलं धोतर नेसून, तंबाखू न खाता आले. खुर्चीत बसले, मी गळ्याभोवती रुमाल बांधला. डॉक्टर बाहेर आले ते मास्क न लावता. आरसा त्यांनी डाव्या हातात घेतला, तोंडात पाहिलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिला.

"गुरुजी, उठा."

"का रे?"

"मला तुमची घिन येते. तुमच्या तोंडात हात घालायचा नाही मला."

गुरुजी हसले. त्यांना वाटलं, रोजचंच आहे.

"हसू नका. इतकी वर्षं सोसलं. तोंड आहे का गटार? लोकांच्या दुःखावर दक्षिणा घ्यायची, तिची तंबाखू खायची आणि ते सगळं इथं आणून माझ्यासमोर उघडायचं. मला जेवण जात नाही. पुन्हा या जिन्यावर चढू नका."

गुरुजींचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. मग त्यांनी गळ्यातला रुमाल सोडला, नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला.

"ठीक आहे, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. साहेब हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, माझ्या चपला कुठे ठेवल्या मी?" चपला त्यांच्या पायाशीच होत्या.

ते जिना उतरून गेले तशी मी तडक मागच्या खोलीत गेले. डॉक्टर आधीच आत येऊन पाठमोरे उभे होते. ज्या माणसाच्या उपकारात मी होते त्याच्याशी असं बोलेन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सर, आज मला तुमची घिन आली."

"यायलाच पाहिजे." ते वळले नाहीत. "गुरुजींना आली ना? नक्की? परत नाही ना येणार?"

तेव्हा मला टेबलावरचं विमान दिसलं. वरच्या पंखाची मलमल मधोमध फाटली होती. निसटलेली तार त्या भोकातून वर आली होती, तिच्या टोकाला पांढरा धागा अडकलेला.

"चिमटा सुटला," ते म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर म्हातारा ऐकला नसता. म्हणाला असता, कर तू, थरथरला हात तर थरथरला, मी सांभाळून घेईन." निसटलेली तार बोटानं खाली दाबत ते म्हणाले, "आणि मी केलं असतं."

त्यानंतर त्यांनी मशीन हातात घेतलं नाही. महिन्याभरात दवाखाना बंद केला. फ्रीगंजच्या त्या तरुण डॉक्टरला स्वतः फोन करून माझ्या नोकरीचं बोलले आणि गुरुजींच्या हिरड्या कुठे कच्च्या आहेत तेही समजावलं. गुरुजींना यातलं काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. गुरुजी रागानं का होईना, फ्रीगंजला गेले. तिथे त्यांचं काम उत्तम झालं. पण अपमानाची गोष्ट त्यांनी सगळ्या रामघाटाला ऐकवली.

शेवटच्या दिवशी डॉक्टर विमान मांडीवर घेऊन ऑटोत बसले. मी सामान घेऊन शेजारी. फाटलेला पंख त्यांनी शिवला नव्हता. देवास गेटच्या वळणावर वारा आत घुसला आणि तारा बारीक आवाजात वाजायला लागल्या. मला ते छान वाटलं. डॉक्टरांनी कान जवळ नेला, नाक मुरडलं आणि म्हणाले, "दोन सैल आहेत. बेकार काम."

पुढे बऱ्याच दिवसांनी ते गाल सुजवून फ्रीगंजच्या दवाखान्यात आले. स्वतःची दाढ दुसऱ्याला दाखवायची वेळ त्यांनी शक्य तेवढी लांबवली असणार. नेमके त्याच वेळी बाकावर गुरुजी बसलेले, नवे दात तपासून घ्यायला. डॉक्टरांना पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "बेटा, मी नंतर येतो," ते मला म्हणाले, पण उठले नाहीत. डॉक्टर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

मी डॉक्टरांना दुखण्याची गोळी आणि कागदी पेल्यात पाणी दिलं. त्यांनी पेला उजव्या हातात घेतला. पाणी काठावरून सांडलं, त्यांच्या पँटवर, मग फरशीवर. गोळी जिभेवर होती आणि पेला तोंडापर्यंत पोचत नव्हता. मी काउंटरच्या मागून निघणार, तोच गुरुजींनी फरशीवरच्या पाण्याकडे पाहिलं. तिथून त्या हाताकडे.

"हे त्या दिवशी होतं?" गुरुजींनी विचारलं.

डॉक्टरांचं तोंड गोळीनं कडू झालं होतं. त्यांनी पेला पुन्हा उचलायला घेतला.

गुरुजी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. रामघाटावर तुम्ही पाहिलं असेल, बापाला किंवा आईला तिलांजली देताना माणसाच्या हातातलं पाणी हलत असतं. गुरुजी तेव्हा मंत्र थांबवतात. आपला तळहात खालून नुसता लावतात. तसाच त्यांनी तो डॉक्टरांच्या हाताखाली लावला आणि पेला हळूहळू वर गेला.

"सावकाश घे," ते म्हणाले.