दौलतची गरम फरशी

दौलत शिर्केचं बायकोवर फार प्रेम होतं, हे अजमानातल्या आमच्या साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कावेरीला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

दुबईत रास अल खोरच्या एका वर्कशॉपात तो पाइपफिटर. दोन हजार साली मालकाने त्याला रास अल खैमाच्या डोंगरातल्या आपल्या घरावर राखणदार म्हणून धाडलं. वर घर एक, शेजार शेळ्यांचा. मालक एखाद्या सुट्टीला उगवायचा. आमच्या बिल्डिंगमधला हनीफ त्याला पिकअपमधून सामान पोचवायचा आणि येताना चुगल्या भरून आणायचा. तो म्हणे, दौलत स्वतःशीच भांडतो आणि मग स्वतःशीच अबोला धरतो.

अशात कावेरीचा व्हिजिट व्हिसा झाला. लग्न झाल्यापासून हा इकडे, ती गुहागरला. आता जानेवारीत दोन महिने येणार! पण तिच्या गुडघ्यांत वात, आणि डोंगरावर जानेवारीत हाडं वाजतात.

दौलतला तोड सुचली. तरुणपणी तो लडाखात एका ठेकेदाराकडे होता. तिथे कढत झऱ्याचं पाणी एका खोलीच्या जमिनीखालून फिरवलेलं त्याने पाहिलं होतं. बाहेर बर्फ, आत माणसं बनियनवर. इथेही घराच्या वरच्या घळीत ऊन पाण्याचा झरा होताच. मालक फोनवर म्हणाला, "यल्ला, कर!" दौलतने फरशी उखडली, खाली पाइपाची वेटोळी घातली, वर परत फरशी बसवली आणि सप्टेंबरात भरदुपारी आम्हाला बोलावलं. हनीफ टेकला आणि ताडकन उठला.

"अरे, तवा आहे का हा? भाकरी टाक!"

दौलत असा फुलला, जणू सासऱ्याने पाठ थोपटली.

जानेवारीत कावेरी आली, तर फरशी थंडगार. झऱ्यापासून घरापर्यंतचा पाइप त्याने इथल्या सवयीने उघड्या खडकावरून आणला होता. सप्टेंबरात पाणी तापवलं ते उन्हाने. आता ते वाटेतच निवत होतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात चटके देतं म्हणून बादल्या आधीच भरून ठेवणारे आम्ही, सप्टेंबरातल्या त्या दुपारी एकालाही सूर्य आठवला नाही!

"आठ दिवस दे," दौलत तिला म्हणाला. "पाइप जमिनीत पुरतो. तोवर अजमानला नर्मदावहिनींकडे राहा."

"मी कांबळं आणलंय की."

"कांबळ्याने काय होतंय? तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत ना?"

ऐकेल तर तो दौलत कसला! कावेरी आमच्या घरी आली, आणि तो वर एकटा पहारीने खडक फोडत बसला. आठ दिवसांचा महिना झाला, वर आणखी आठवडे गेले. दर शुक्रवारी फोन: "थोडंच राहिलंय, इन्शाल्ला."

माझी बायको नर्मदा काही कमी नाही. "कावेरी, नवरा डोंगर पोखरतोय गं तुझा. उंदीर तरी निघेल ना?"

कावेरी हसली नाही. मेथी निवडत म्हणाली, "वहिनी, त्यांना माझ्यासाठी काहीतरी करायचंय. मला नुसतं त्यांच्याजवळ बसायचं होतं."

"मग जा की वर!"

"विचारलं ना. म्हणतात, फरशी गार आहे."

व्हिसा संपता संपता फरशी तापली. हनीफ कावेरीला वर घेऊन गेला. तिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, म्हणाली, "ऊन आहे हो." दोन दिवस राहिली. विमानतळावर दौलत तिला सांगत होता, "पुढच्या हिवाळ्यात आल्या आल्या गरम मिळेल." ती म्हणाली, "बघू."

पुढच्या हिवाळ्यात ती आली नाही, गुडघ्यांचं कारण कळवलं; त्याच्या पुढच्याही तेच. खरं काय ते नर्मदेला ठाऊक आहे. मला सांगत नाही, आणि माझ्यासारख्या चौकस माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

एका जानेवारीत मी वर गेलो. त्या खोलीत शेळ्या ऐसपैस पसरलेल्या.

"मालक ओरडेल की रे!"

"येतोय कुठे तो?" दौलतने एका करडाला हलकेच बाजूला सारलं, हाताने फरशी पुसली. "बसा भाऊ. इथे जास्त गरम आहे."